मातीत ‘सर्च’ चालवणारा माणूस : मार्टिनस बायेरिंक

जून महिना जवळ आला की कृषी सेवा केंद्रात युरिया आणि डीएपीच्या गोण्यांशेजारी छोटी पाकिटं दिसायला लागतात. एकावर लिहिलेलं असतं ‘रायझोबियम’, दुसऱ्यावर ‘पीएसबी’. आत काळसर भुकटी असते, हल्ली बाटलीत द्रवही मिळतो. खताच्या गोणीच्या मानाने किंमत अगदीच किरकोळ. पण त्या भुकटीत कोट्यवधी जिवंत जिवाणू असतात आणि सोयाबीन, तूर, हरभरा, मूग अशा पिकांसाठी ते दोन कामं करतात. रायझोबियम हवेतला नत्र पिकाला मिळवून देतो. पीएसबी म्हणजे फॉस्फेट सोल्युबिलायझिंग बॅक्टेरिया, आपल्या भाषेत स्फुरद विरघळवणारे जिवाणू. जमिनीत अडकून पडलेला स्फुरद ते मुळांना घेता येईल अशा रूपात आणतात.

एरवी चिप, बॅटरी आणि अ‍ॅपबद्दल वाचणाऱ्यांना वाटेल की हे शेतीचं पाकीट मध्येच कुठून आलं. पण हीसुद्धा टेक्नॉलॉजीच आहे, तीही सव्वाशे वर्षं जुनी. तिच्या मुळाशी एक डच माणूस आहे, मार्टिनस बायेरिंक. मी सॉफ्टवेअरवाला, दिवसभर डेटाबेसला प्रश्न विचारण्यात जातो. या माणसाबद्दल वाचताना मला सारखं जाणवत होतं की हा तर मातीला क्वेरी टाकत होता. कशी, ते बघू.

दिवाळं निघालेलं घर

बायेरिंक यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी ॲमस्टरडॅममध्ये झाला. वडील तंबाखूचे व्यापारी होते. मार्टिनस अगदी लहान असतानाच वडिलांचा धंदा बुडाला आणि दिवाळं निघालं. कुटुंब ॲमस्टरडॅम सोडून नार्डेन या छोट्या गावाकडे गेलं आणि वडिलांनी रेल्वेत कारकुनाची नोकरी धरली. मुलाचं सुरुवातीचं शिक्षण त्यांनी घरीच केलं. पुढे शाळेत असताना मार्टिनसला झाडंझुडपं गोळा करायचा नाद लागला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

वनस्पतिशास्त्राची आवड असली तरी घरच्या परिस्थितीत तेच शिकायला जाणं परवडणारं नव्हतं. एका नातेवाइकाच्या मदतीने ते डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये रसायन शिकायला गेले आणि १८७२ मध्ये तिथून बाहेर पडले. म्हणजे आजच्या हिशोबात केमिकल इंजिनिअर. तिथे त्यांच्यासोबत शिकायला आणि राहायला होते याकोबस वान्ट हॉफ, ज्यांना १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल मिळालं. दोघं मिळून राहत्या खोलीतच रसायनांचे प्रयोग करायचे.

पुढे लायडन विद्यापीठातून १८७७ मध्ये बायेरिंक यांनी डॉक्टरेट घेतली. विषय होता झाडांवर किड्यांमुळे येणाऱ्या गाठी. पानावर बारीक फोड किंवा गोळा आलेला तुम्ही पाहिला असेल, तसल्या. एका बाहेरच्या जिवामुळे झाडाची वाढ बदलते आणि तिथे नवीनच अवयव तयार होतो, या गोष्टीने त्यांना झपाटलं होतं. गाठींकडे बघायची ही सवय नंतर फार कामाला आली.

यीस्टच्या कारखान्यातला शास्त्रज्ञ

काही वर्षं वाखेनिंगेनच्या शेतकी शाळेत शिकवल्यावर १८८५ मध्ये त्यांनी एक वेगळंच वळण घेतलं. डेल्फ्टमध्ये यीस्ट आणि स्पिरिट बनवणारा मोठा कारखाना होता. त्याचे संचालक व्हान मार्केन यांना सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणारा माणूस कारखान्यातच हवा होता. त्यांनी बायेरिंक यांना प्रयोगशाळा दिली. आज कंपन्यांमध्ये ‘आर अँड डी’ विभाग असतो, तसंच हे, पण १८८५ मधलं.

डेल्फ्ट हे गाव सूक्ष्मजीवांच्या इतिहासात आधीच प्रसिद्ध होतं. घरी घासलेल्या भिंगांतून जगात पहिल्यांदा जिवाणू पाहणारे लेव्हेनहूक याच गावचे. बायेरिंक मात्र कारखान्यात फारसे सुखी नव्हते. कारखान्याला आपला पुरेसा उपयोग होत नाही ही बोच त्यांना सतत होती. पण व्हान मार्केन यांनी त्यांना मोकळीक दिली. यीस्टच्या पगारावर ते बघत होते वाटाण्याची मुळं.

मुळांवरच्या गाठींचं कोडं

हरभरा किंवा भुईमूग उपटला की मुळांवर बारीक गाठी दिसतात. कडधान्य घेतलेल्या रानात पुढचं पीक चांगलं येतं हे शेतकऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे त्यालाच ‘बेवड चांगला’ म्हणतात. युरोपातही हे माहीत होतं. फ्रान्समध्ये बुसँगो यांनी १८३८ मध्ये मोजमाप करून दाखवलं की क्लोव्हर आणि वाटाणा यांत जमिनीतून न आलेला जादा नत्र सापडतो. तो येतो कुठून, ते कळत नव्हतं.

उत्तर १८८६ मध्ये जर्मनीत मिळालं. हेलरिगेल आणि विल्फार्ट या जोडीने निर्जंतुक केलेल्या वाळूत ओट आणि वाटाणा लावले. नत्र नसलेल्या त्या वाळूत दोन्ही पिकं उपाशी राहिली. मग वाटाण्याच्या कुंडीत चांगल्या मातीचं थोडं पाणी ओतलं. मुळांवर गाठी आल्या आणि झाड तरारून वाढलं. तेच पाणी उकळून ओतलं तर काहीच नाही. म्हणजे मातीत काहीतरी जिवंत होतं जे गाठी बनवत होतं आणि हवेतला नत्र आणत होतं.

पण ते जिवंत नेमकं काय? गाठ फोडून मायक्रोस्कोपखाली बघितली की वेडेवाकडे, काही ठिकाणी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे कण दिसत. काही अभ्यासक म्हणत हे जिवाणू आहेत, काही म्हणत ही झाडाचीच साठवलेली प्रथिनं आहेत. वाद मिटवायचा तर तो जीव गाठीबाहेर काढून एकटा वाढवून दाखवायला हवा होता.

क्वेरी अशी लिहितात

इथे बायेरिंक यांची खासियत दिसते. त्या काळी जिवाणू वाढवायला बहुतेक जण मांसाचा पौष्टिक रस वापरत. त्यात सगळेच वाढतात आणि जे सर्वात वेगाने वाढतात ते ताट बळकावतात. बायेरिंक यांनी विचार उलटा केला. ज्याला शोधायचंय त्याला काय आवडेल? तो वाटाण्याच्या मुळात राहतो, मग त्याला वाटाण्याचंच जेवण देऊ. त्यांनी वाटाण्याच्या पाल्याचा काढा, थोडी साखर, अगदी थोडं नत्रयुक्त ॲस्परॅजिन आणि जिलेटिन असं माध्यम बनवलं. जेवण मुद्दामच साधं ठेवलं, म्हणजे फुकटे पाहुणे माजणार नाहीत. गाठीच्या आतला भाग त्यावर पसरला. छोट्या वसाहती उगवल्या. १८८८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि जिवाणूला नाव दिलं बॅसिलस रॅडिसिकोला, म्हणजे मुळात राहणारा. पुढच्याच वर्षी जर्मनीत फ्रँक यांनी रायझोबियम हे नाव सुचवलं आणि आज पाकिटावर तेच आहे. शुद्ध वाढवलेला हा जिवाणू रोपाला दिला की गाठी येतात, हेही बायेरिंक यांनी नंतर दाखवलं.

एक गंमत बघा. बाटलीत एकटा वाढवलेला हा जिवाणू हवेतला नत्र घेतो, असं काही त्यांना दिसलं नाही. त्यांनी जे दिसलं नाही ते दिसलं म्हणून लिहिलं नाही. झाडाबाहेर, अगदी विशिष्ट परिस्थितीत काही रायझोबियम नत्र बांधू शकतात हे सिद्ध व्हायला १९७५ साल उजाडावं लागलं. घर मिळाल्याशिवाय तो सहसा काम करत नाही.

ही ‘ज्याला शोधायचंय त्याच्यासाठी परिस्थिती तयार कर’ पद्धत बायेरिंक यांनी पुढे फार पुढे नेली. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की त्याच काळात स्वतंत्रपणे तसाच विचार करत होते. या पद्धतीला संवर्धन तंत्र म्हणतात. सगळ्यात सुंदर उदाहरण १९०१ मधलं आहे. बायेरिंक यांनी पाण्यात मॅनिटॉल नावाची साखरेसारखी वस्तू आणि फॉस्फेट घातलं, नत्र मात्र अजिबात घातला नाही. त्यात चिमूटभर बागेची माती टाकली आणि हवा मिळेल असं ठेवून दिलं. आता या भांड्यात जगायचं तर नत्र हवेतूनच मिळवावा लागणार. ज्यांना ते जमत नाही ते मागे पडले. जमलं तो वर आला : ॲझोटोबॅक्टर. हा झाडाच्या मुळात न राहता मातीत स्वतंत्र राहून नत्र बांधतो. डेल्फ्टच्या कालव्याच्या पाण्यातही त्यांना याचा एक भाऊबंद सापडला.

आपल्या भाषेत सांगायचं तर एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू, म्हणजे कोट्यवधी ओळींचं टेबल. एकेक ओळ डोळ्यांनी तपासत बसायला आयुष्य पुरणार नाही. बायेरिंक अट लिहायचे : जिथे नत्र शून्य आहे आणि हवा आहे, तिथे जो वाढतो तो दाखव. भांडं म्हणजे क्वेरी, आणि उत्तर माती स्वतः शोधून देते.

मग स्फुरदवाला जिवाणू कुठे आला?

पीएसबीचं पाकीट बायेरिंक यांनी बनवलेलं नाही, ते पुढच्या पिढ्यांचं काम. पण तो जिवाणू ओळखायची रीत त्यांच्या वळणाची आहे. आम्ल तयार करणारे जिवाणू हुडकायला ते माध्यमात खडूची पूड मिसळत. ताट दुधासारखं पांढरं दिसे. ज्या वसाहतीतून आम्ल बाहेर पडे तिच्याभोवतीचा खडू विरघळून काचेसारखं स्वच्छ वर्तुळ तयार होई. डोळ्यांनी दिसणारं उत्तर.

आता खडूच्या जागी न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट घाला. जो जिवाणू ते विरघळवेल त्याच्याभोवती वर्तुळ उमटेल. सोव्हिएत संशोधक पिकोव्हस्काया यांनी १९४८ मध्ये यासाठी दिलेलं माध्यम आजही जगभर वापरलं जातं. आपल्या कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतही विद्यार्थी त्यावर अशीच वर्तुळं शोधतात.

या जिवाणूंची गरज का पडते? जमिनीत स्फुरद असतो, पण पिकाला लगेच घेता येईल असा त्यातला वाटा फार थोडा असतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो कॅल्शियमला घट्ट धरून बसतो. कोकणातल्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला पकडतात. डीएपीतून टाकलेल्या स्फुरदाचाही मोठा भाग असाच अडकतो. खात्यात पैसे आहेत पण एटीएम चालत नाही, तसा प्रकार. बॅसिलस आणि स्युडोमोनास कुळातले काही जिवाणू ग्लुकोनिक, सायट्रिक अशी सेंद्रिय आम्लं सोडतात. आम्लामुळे आसपासचा सामू उतरतो, कॅल्शियमची पकड सैल होते आणि स्फुरद पाण्यात उतरतो. काही जिवाणू फॉस्फेटेज नावाची विकरंही सोडतात, त्यामुळे कुजलेल्या पालापाचोळ्यातला स्फुरदही मोकळा होतो.

कडधान्याला याची निकड जास्त. गाठीतला जिवाणू नत्राचा एक रेणू फोडायला कमीत कमी १६ एटीपी खर्च करतो. एटीपी हे पेशीचं चलन, आणि एटीपीच्या प्रत्येक रेणूत फॉस्फेटचे तीन गट असतात. स्फुरद कमी पडला की गाठी कमी येतात, लहान राहतात आणि नत्राचं कामही मंदावतं. म्हणून दोन्ही पाकिटं एकत्र वापरायला सांगतात. एक जण नत्राचा कारखाना टाकतो, दुसरा त्याची वीज चालू राहील हे बघतो.

आणि हो, व्हायरससुद्धा

नशिबाचा खेळ असा की वडिलांचं दिवाळं तंबाखूच्या धंद्यात निघालं आणि मुलाचं नाव जगभर झालं तेही तंबाखूच्या रोगावरून. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा मोझॅक रोग त्यांनी वाखेनिंगेनच्या दिवसांतच पाहिला होता. १८९८ मध्ये त्यांनी दाखवलं की रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला तरी रोग पसरवतो, आणि तो घटक फक्त वाढत्या जिवंत पेशींमध्येच स्वतःची संख्या वाढवतो. गाळणीचा प्रयोग रशियात इव्हानोव्स्की यांनी १८९२ मध्येच केला होता. ते कळल्यावर बायेरिंक यांनी त्यांचं आधीचं काम मान्य केलं. पण हा जिवाणूपेक्षा वेगळ्याच जातीचा घटक आहे, हे ठामपणे मांडून त्याला व्हायरस म्हणणारे बायेरिंक होते.

माणूस म्हणून

१८९५ मध्ये डेल्फ्ट पॉलिटेक्निकने त्यांना प्राध्यापक केलं. दोन वर्षांनी त्यांच्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिला लागूनच त्यांचं घर. लग्न त्यांनी केलं नाही, संसार आणि विज्ञान एकत्र चालत नाही असं त्यांचं मत होतं. बहिणी सोबत राहायच्या. राहणी अगदी साधी.

विद्यार्थ्यांशी मात्र ते फार कडक वागत. चूक झाली की सगळ्यांसमोर झापायचे, टोचून बोलायचे. पुष्कळ जण त्यांच्या हाताखाली टिकले नाहीत. मला हे वाचून वाईट वाटलं. कुठल्या जिवाणूला किती साखर लागते, किती हवा लागते, कशात तो कोमेजतो हे जगात कोणापेक्षाही जास्त समजणारा हा माणूस. समोर बसलेल्या वीस वर्षांच्या पोराला वाढायला काय लागतं, ते भांडं मात्र त्यांनी कधी मांडलं नाही. थोर माणसांच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो. मला तो गाळावासा वाटत नाही, कारण ऑफिसात अतिशय हुशार आणि अतिशय तोंडाळ सीनियर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेत, आणि हुशारीसाठी तोंडाळपणा लागतोच असं काही नसतं. त्यांच्यानंतर आलेले क्लायव्हर विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय होते आणि डेल्फ्टची परंपरा त्यांनी आणखी मोठी केली.

१९२१ मध्ये सत्तराव्या वर्षी बायेरिंक निवृत्त झाले. ते गोर्सेल नावाच्या खेड्यात जाऊन राहिले आणि पुन्हा झाडांमध्ये रमले. १ जानेवारी १९३१ रोजी त्यांचं निधन झालं. नोबेल त्यांना कधी मिळालं नाही.

पाकिटापर्यंतचा रस्ता

रायझोबियमचं पहिलं व्यापारी उत्पादन बायेरिंक यांचं नव्हतं. जर्मनीत नोबे आणि हिल्टनर यांनी १८९६ मध्ये ‘नायट्राजिन’ या नावाने त्याचं पेटंट घेतलं. सुरुवातीचे निकाल धड नव्हते. कुठे पीक जोरात, कुठे काहीच फरक नाही. बाटलीतले जिवाणू शेतात पोचेपर्यंत मेलेले असले तर दुसरं काय होणार?

आजही तीच अडचण आहे. मी एका दुकानात ही पाकिटं काचेच्या शोकेसमध्ये भर उन्हात रचलेली पाहिली आहेत. असं पाकीट वापरून फरक पडला नाही की शेतकरी म्हणतो हे सगळं थोतांड आहे, आणि पुढच्या वर्षी एक गोणी डीएपी जास्त टाकतो. स्फुरदयुक्त खतं आणि त्यांचा कच्चा माल यांसाठी आपला देश मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून आहे, त्यामुळे तो खर्च फक्त त्या घराचा राहत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा, आणि फोनवरून आई-बाबांना किंवा काकांनाही सांगा :

– पाकिटावरची मुदत आणि पिकाचं नाव बघा. सोयाबीनचा रायझोबियम वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. पीएसबी मात्र बहुतेक पिकांना चालतो.
– पाकीट थंड आणि सावलीच्या जागी ठेवा.
– साधारण शिफारस १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम अशी असते. गुळाच्या थंड द्रावणात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.
– बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. जिवाणू सगळ्यात शेवटी, कारण बुरशीनाशकं आणि रासायनिक खतं त्यांना थेट लागली की ते मरतात.
– पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एक रोप मुळासकट अलगद खणून काढा. गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर दिसली तर कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

आणि एक खरं सांगायला हवं. पीएसबीचा निकाल प्रत्येक रानात सारखा येत नाही. प्रयोगशाळेतल्या ताटात मोठं वर्तुळ काढणारा जिवाणू शेतात गेला की तिथल्या कोट्यवधी जुन्या रहिवाशांशी त्याला झुंजावं लागतं. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या जमिनीत त्याला खायलाच काही नसतं. म्हणून शेणखत, पालापाचोळा, ओलावा यांना पर्याय नाही. जिवाणू पाकिटातून आणता येतो, त्याला जगता येईल अशी जमीन मात्र आपल्यालाच तयार करावी लागते. बायेरिंक यांच्या प्रत्येक भांड्याचा हाच धडा होता : आधी परिस्थिती, मग जिवाणू.

यंदा पेरणीला गावी जाणार असाल तर तो गाठ फोडायचा प्रयोग नक्की करा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून फोटो काढा. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा दूरचा नातेवाईक. तो गाठीतला ऑक्सिजन बेताचा ठेवतो, कारण जास्त ऑक्सिजन झाला की नत्र बांधणारं यंत्र बंद पडतं.